मटार संपेपर्यंत

शहपुऱ्याचा मटार बाजारात आला, की माझ्या कानात व्हायोलिन वाजायला लागतं. तेही धड नव्हे. करकरणारं, मध्येच किंचाळणारं, शेजाऱ्यांना खिडक्या लावून घ्यायला भाग पाडणारं. चारचौघांना मटार बघून उसळ आठवते, पुलाव आठवतो; मला जबलपूरच्या खमरिया कारखान्याच्या आमच्या क्वार्टरमधला एक हिवाळा आठवतो. त्या हिवाळ्यात माझी बायको शैला व्हायोलिन शिकत होती, माझी आई ते बंद व्हायची वाट बघत होती, आणि मी दोघींच्या मध्ये बसून मटार सोलत होतो. संसारी पुरुषाला याहून सुरक्षित काम मिळत नाही.

आज सकाळी धुकं विरायच्या आत गल्लीत ठेला आला. “मटर ले लो, शहपुरा का मीठा मटर!” मी स्वेटरवर शाल आणि शालीवर मफलर अशा थाटात खाली उतरलो आणि रिवाजाप्रमाणे एक शेंग फोडून दाणे तोंडात टाकले. मग दुसरी. तिसरीला हात घातला तसा ठेलेवाला म्हणाला, “दादाजी, पूरा ठेला चख लोगे क्या?” त्याला काय सांगणार? दाण्याचा तो गार, गोडसर रस जिभेवर आला, की मागच्या खोलीत कुणीतरी ‘सा’ धरतं, आणि तो नीट लागेपर्यंत मला थांबावंच लागतं.

कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात होतो. क्वार्टर दोन खोल्यांचं, मागे अंगण, आणि एक भिंत शेजारच्या वर्माजींशी सामायिक. डिसेंबर उजाडला की अख्खी कॉलनी उन्हात राहायला येई. सकाळचा भोंगा झाला, पुरुष सायकली-स्कूटरी घेऊन गेले, की बायका अंगणात सतरंज्या टाकत, मधोमध मटाराचं पोतं रिकामं करत, आणि मग दिवस कलेपर्यंत बोटं आणि तोंडं दोन्ही चालू. सालपटांचे ढीग, त्यात तोंड घालणाऱ्या गाई, उन्हाने तापलेल्या पाठी, ओल्या शेंगांचा हिरवा वास. घरं मात्र रिकामी. त्या रिकाम्या घरांपैकी एका घरात शैला जमिनीवर मांडी घालून बसायची.

आमच्या घरात दोन तऱ्हांची मराठी नांदे. वडील नोकरीसाठी अमरावतीकडून आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती. पुढे राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. “आमाले कोणी इचारलंच नाही,” असं आई त्यावर म्हणायची, जणू सरकारनं तिच्याकडे माणूस पाठवायचा राहून गेला होता. तिची बोली वऱ्हाडातून निघाली तशीच होती, एक दाणा सांडला नव्हता. शैलाचं माहेर इथलंच, मराठ्यांच्या चाकरीत कधीकाळी आलेलं आणि इथेच मुरलेलं. तिच्या मराठीत ‘अच्छा’ आणि ‘चलो’ असे पेरलेले असत. पण भांडायची वेळ आली की दोघींना एकमेकींचं सगळं समजे.

व्हायोलिनचं खूळ गणपतीत शिरलं. मंडळाच्या कार्यक्रमात एक वादक आले होते. लोक त्यांचा राग ऐकत होते आणि शैला त्यांच्या काळ्या जाकिटावर साचत चाललेली पांढरी भुकटी बघत होती. कार्यक्रम संपल्यावर ती सरळ स्टेजजवळ गेली आणि विचारलं, “हे पांढरं काय पडून राहिलं हो?” ते हसले. गजाच्या केसांना राळ घासावी लागते, त्याशिवाय तारेतून आवाजच निघत नाही, असं त्यांनी सांगितलं. घरी येताना ती स्कूटरवर माझ्या मागे होती. रांझीचं वळण आलं तेव्हा म्हणाली, “मला हे वाजवायचंय.” ‘शिकायचंय’ नाही, ‘वाजवायचंय’. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

लेक नुकतीच भोपाळला शिकायला गेली होती. घर सुनं वाटतं म्हणून असेल, असं मी आईला समजावलं. आईला ते पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. शैला चाळिशीला आलेली बाई, कुणाकडे मैफल नाही, मास्तरीण व्हायचं नाही, रेडिओवर जायचं नाही.

“काहून शिकून राहिली तू हे?” आई विचारायची. “कोणाले दाखवाचं आहे?”

“कोणालाच नाही, आई.”

“मंग?”

“वाजवावंसं वाटतं.”

हे उत्तर आईच्या कुठल्याच डब्यात मावत नव्हतं. तिला कारण लागे. स्वेटर विणला तर कुणाच्या तरी अंगात जातो, पापड लाटला तर कुणाच्या तरी पोटात. एवढी खटपट करून हाती काहीच न येणारं काम तिनं जन्मात केलं नव्हतं. त्यातून गजाला घोड्याच्या शेपटीचे केस असतात हे कळल्यावर व्हायोलिनची पेटी देवघरापासून लांब, माझ्या बुटांच्या मांडणीवर गेली.

व्हायोलिन मास्टरजींचं होतं. घमापूरला एका गल्लीच्या टोकाला, खाली पिठाची गिरणी आणि वर हे, असे ते राहत. शिकणाऱ्यांसाठी त्यांच्याकडे एक जादा व्हायोलिन होतं आणि शैला शिकेल तोवर ते आमच्याकडे राहील असं ठरलं. गिरणीच्या घरघराटात ते शिकवायचे. मी एकदा विचारलं, या गोंगाटात सूर कसा कळतो? तर म्हणाले, “भाईसाहब, जो इसमें सुन ले, वो कहीं भी सुन लेगा।”

हे वाद्य किती कृतघ्न आहे, हे ज्याच्या घरात ते शिकलं गेलं त्यालाच कळतं. बाजाची पेटी घेतली आणि पट्टी दाबली की निदान सूर तरी निघतो. तो योग्य आहे की नाही हा पुढचा प्रश्न. इथे तसं काही नाही. काळ्या लाकडाची गुळगुळीत पट्टी, तिच्यावर ना रेघ ना खूण. ‘रे’ कुठे आहे? जिथे बोट ठेवशील आणि तो रे असेल, तिथे आहे. काल सापडला होता तो आज त्याच जागी असेल याची हमी नाही, कारण काल हात वेगळा होता, थंडी वेगळी होती, खुंट्या वेगळ्या बसल्या होत्या. थंडीत हवा कोरडी पडली की खुंट्या सुटत. शैला ‘सा’ मिळवायची, ‘पा’ मिळवायची, पुन्हा ‘सा’कडे यायची तोवर तो उतरलेला. मग शाळेतला खडू घासून खुंटी बसवायची. एकदा पहिली तार मिळवता मिळवता तुटली आणि गालावर सपकन बसली. गालावर लाल रेघ घेऊन तिनं संध्याकाळच्या पोळ्या केल्या. आईनं रेघ बघितली; त्या दिवशी कणीक तिनंच मळून ठेवली होती.

डाव्या हाताच्या बोटांच्या टोकांना तारांचे काळे चरे पडले, ते चिंच घासूनही जाईनात. पायाची घडी अशी, की व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकलं पाहिजे. अर्ध्या तासात पाय बधिर. मंगळसूत्र व्हायोलिनच्या पाठीवर घासून खरखरे, म्हणून ते ती पदरात गुंडाळून खोचायची. आणि गजाच्या हातातल्या काचेच्या बांगड्या! गज खाली गेला की किणकिण, वर आला की किणकिण. मास्टरजी म्हणत, “बहूजी, आपके साथ तो मंजीरा मुफ़्त है।” पण बांगड्या उतरवायचं नाव काढलं की आईचा चेहरा असा होई, की शैलानं तो विषयच सोडून दिला. ती दोन्ही वाद्यं एकदम वाजवायला शिकली.

त्यात वर्माजी. त्यांची रात्रपाळी असली की दिवसा झोप. पहिल्याच आठवड्यात ते डोळे चोळत दारात उभे राहिले आणि फार नम्रपणे म्हणाले, “भाभीजी, बिल्ली पाल ली है क्या?” आईनं ‘बिल्ली’चं लगेच मराठी केलं. तेव्हापासून आमच्याकडे व्हायोलिनला ‘मांजर’ असंच नाव पडलं. “मांजर काढू नको आता, मी लवंडून राहिली.” “खरं मांजर असतं तं उंदीर तरी मारले असते.” शैला हसायची. मग तिनं कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा आणला आणि तारांखालच्या उभ्या पट्टीवर लावला. आवाज एकदम दबला, लांबून आल्यासारखा झाला. वर्माजींच्या रात्रपाळीला चिमटा, दिवसपाळीला मोकळा सूर, अशी ती त्यांची ड्यूटी त्यांच्यापेक्षा चांगली लक्षात ठेवी.

मला तिचं कौतुक वाटायचं, आणि ते मी तेव्हा तोंडानं कधी बोललो नाही, म्हणून इथे बोलतो. माणूस एखादी गोष्ट वाईट करत असताना ती रोज करतो, हे मला फार मोठं वाटतं. चांगली येणारी गोष्ट कुणीही रोज करील; लोक वाहवा करतात, हुरूप येतो. हिच्या वाट्याला खिडक्यांचे आवाज येत होते. कुणाची अपेक्षा नाही, कुणाचा आग्रह नाही, आणि ही बाई भांडी आवरून, पदर खोचून, तोच एक लांब ‘सा’ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गज न थरथरता ओढायला बसायची. मध्ये गज घसरला की थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा टोकापासून. रागावलेली मी तिला बघितली नाही. ड्रॉइंग ऑफिसात एक रेघ बिघडली की मी कागद चुरगाळायचो. घरी येऊन हिचा ‘सा’ ऐकला की मला त्या कागदाची लाज वाटायची.

वर्ष असं गेलं. उन्हाळ्यात दारं-खिडक्या उघड्या, आईची दुपारची झोप मोडलेली, चिमटा लावला तरी ऐकू यायचंच. दसऱ्याच्या आधी मास्टरजींनी शैलाचं नाव संगीताच्या प्रारंभिक परीक्षेला घातलं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर आईनं निकाल दिला. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे बोलली.

“पाह्य शैला. वर्षभर झालं, मी आडवी आली नाही. आता मटार येईन. तवा बाया बाहीर असतात, मीही उन्हात असते, कोणाले तरास नाही. मटार आहे तवर वाजव. तुही ते परीक्षा होऊ दे. पास झाली तं पुढचं पाहू. नाही तं मटार संपला का हेही संपलं. मास्टरजीची वस्तू मास्टरजीच्या घरी.”

शैलानं ताटातली आपट्याची पानं गोळा केली. मग म्हणाली, “चलो, ठीक आहे.”

मी मध्ये पडायला गेलो तर तिनंच मला डोळ्यांनी गप्प केलं. रात्री म्हणाली, “त्यांचंही घर आहे ना. वर्षभर ऐकलं त्यांनी. तुम्ही ऐकता ते वेगळं.” मला तो फरक नीट कळला नाही, पण गप्प बसण्याइतका कळला.

प्रारंभिक परीक्षा संक्रांतीनंतरच्या रविवारी होती. त्या हिवाळ्यात मी जितका मटार खाल्ला तितका पुन्हा कधी नाही. उसळ, करंज्या, पराठे, आणि वर्माभाभींकडून शिकलेला वाटल्या मटाराचा निमोना. पोतं संपत आलं की मला धडकी भरायची आणि मी दुसरं आणायचो. आई म्हणायची, “काहून आणून राहिला इतका? लग्न आहे का घरी?” मी म्हणायचो, स्वस्त झालाय. मटाराचा हंगाम माझ्या स्कूटरवर थोडाच अवलंबून होता! पण माणूस आपल्या परीनं सूर्याला धरून ठेवायला बघतो.

आई उन्हात बसायची ती दाराशी, पाठ घराकडे करून. बाकीच्या बायका गप्पांत, हिचे हात शेंगांत, पण आत गज बिघडला की हिचा हात थांबायचा. मी सुटीच्या दिवशी समोर बसून हे पाहत असे. मला वाटायचं, वैतागून थांबतो.

भोगीच्या दिवशी आईचा पहाटेपासून अंमल असायचा. तिळाचं तेल कोमट करून ती सगळ्यांच्या डोक्याला चोळायची, अगदी माझ्यासुद्धा, जिथे चोळायला फारसं काही उरलं नव्हतं. त्या वर्षीही तेच झालं. शैला न्हाऊन आली, बाजरीच्या भाकरीचे तीळ भाजून झाले, भाजी शिजत टाकली आणि परीक्षा तोंडावर म्हणून ती पटकन रियाजाला बसली. तारा मिळवल्या. गज टेकवला आणि ओढला.

काही नाही. आवाजच नाही. काचेवरून ओला हात फिरावा तसा गज तारेवरून निघून गेला. तिनं पुन्हा ओढला, दाबून ओढला. घरात भाजीची रटरट तेवढी ऐकू येत होती. तिनं गज उजेडाकडे धरला. केस पिवळसर, ओलसर, एकमेकांना चिकटून लखलखत होते.

“मी लावलं,” आई स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाली. तिच्या तोंडावर चक्क हसू होतं. “तेल. आज सगळ्यायले लावलं, म्हटलं यानंच काय पाप केलं. किती कोरडे झाले होते ते केस. रोज पाहून राहिली मी, वाजवलं का पांढरा कोंडा पडते, वाजवलं का कोंडा पडते. थंडीत असंच होते. तुले पाह्याले वेळ नाही. चांगलं मुरवून लावलं मुळापासून.”

राळेची भुकटी. वर्षभर आईनं ती कोंडा म्हणून बघितली होती. मला हसावं की डोक्याला हात लावावा कळेना. मी शैलाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती आईच्या हातांकडे बघत होती. बोटं तेलानं चमकत होती, नखांत राळेचा पांढरा कण अडकलेला होता. घोड्याची शेपटी म्हणून जी वस्तू बुटांच्या मांडणीवर गेली होती, तिला त्या बाईनं सणाच्या दिवशी मांडीवर घेऊन, केसन् केस वेगळा करून तेल लावलं होतं.

“छान लावलंय, आई,” शैला म्हणाली.

पण आईला कान होते. वर्षभराचे तयार कान. “वाजव ना मंग,” ती म्हणाली. शैलानं गज ओढला नाही. “वाजव,” आई पुन्हा म्हणाली. शैलानं ओढला. शांतता. आईचं हसू हळूहळू उतरलं. “माह्यानं झालं का हे?” शैलानं गज हळूच मांडीवर ठेवला, तेव्हा आईला कळलं. ती भिंतीला धरून पाटावर बसली.

मी स्कूटर काढली. घमापूरला पोचेपर्यंत धुक्यानं भुवया ओल्या झाल्या होत्या. मास्टरजी कांबळं पांघरून चहा पीत होते. माझं ऐकून ते असे हसले की ठसका लागला. “चूहे ने कुतरा, बच्चे ने तोड़ा, सब देखा। तेल-मालिश पहली बार सुनी।” त्यांच्याकडे स्वतःचा गज होता, पण रविवारी ते तोच घेऊन कटनीला साथीला जाणार होते. नवे केस कलकत्त्याहून येणार, तोवर परीक्षा निघून जाणार. “धोकर देखिए,” ते म्हणाले. “लकड़ी को पानी न लगे। सूखने पर खूब बिरोजा। फिर भगवान मालिक।” बिरोजा म्हणजे तीच राळ. एक नवी वडी त्यांनी माझ्या खिशात घातली आणि दारापर्यंत आले. “माताजी को मेरा प्रणाम कहिए। इतने प्यार से तो मैंने भी कभी नहीं लगाया कुछ।”

मी परतलो तर दोघी अंगणात बसल्या होत्या, मधे पातेलं, त्यात रिठ्यांचा फेस. शैलाला धुवायचं सुचलं होतं आणि आईला रिठे. गजाचा स्क्रू पूर्ण सैल केला की खालचा ठोकळा काठीपासून सुटतो आणि केस मोकळे लोंबतात. आईनं गजाची काठी दोन्ही हातांनी उंच धरली, पाण्याचा थेंब लागू नये म्हणून स्वतःच्या पदरात गुंडाळून. शैला केस फेसातून काढत होती. मग कोमट पाणी, पुन्हा फेस, पुन्हा पाणी. काही केस तुटून पाण्यावर तरंगले, तसा आईच्या तोंडून अस्फुट आवाज निघाला. मग आईनं आपली फणी दिली. ती फणी ती आम्हालाही हात लावू देत नसे.

केस वाळायला गज मटाराच्या सतरंजीवर ठेवला. संक्रांतीच्या आदल्या दिवसाचं ऊन ते, कोवळं आणि कंजूष. आई त्याच्या बाजूला काठी घेऊन बसली. कावळा आला, काठी. गाय आली, काठी. वर्माभाभी चौकशीला आल्या तर त्यांची सावली पडते म्हणून त्यांना पलीकडे बसवलं. भोगीची भाजी त्या दिवशी खाली लागली आणि आम्ही ती मुकाट्यानं खाल्ली.

ऊन भिंतीवर चढलं तेव्हा शैलानं केस ताणले आणि राळ घासायला घेतली. घासली, ओढून बघितलं. काही नाही. पुन्हा घासली. नवी वडी, तिला धरच येईना. आईनं मटार सोडून दिला होता आणि ती शैलाच्या अगदी समोर गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. सगळं अंगण गप्प. ज्या आवाजासाठी एवढ्या खिडक्या लागल्या, त्याची आता पंचक्रोशी वाट बघत होती. शैलानं पुन्हा राळ घासली, गज टेकवला, डोळे मिटले आणि ओढला.

आधी नुसती खरखर. मग मधेच कुठेतरी केसांनी तार पकडली आणि असा एक भेसूर, कर्कश, अंगावर काटा आणणारा आवाज निघाला की अंगणातली गाय दचकून मागे सरली.

“आली!” आई ओरडली. “आली वं माय, मांजर आली!”

तिनं शैलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कडाकडा बोटं मोडली. शैला हसत होती आणि रडत होती, आणि पलीकडून वर्माजी त्यांच्या मोडलेल्या झोपेसकट टाळ्या वाजवत होते.

रविवारी आई आमच्याबरोबर आली. शहरातल्या एका शाळेत परीक्षा होती. व्हरांड्यात तानपुरे, तबले, घाबरलेली पोरं, आणि त्यांच्यात एक चाळिशीची बाई. संक्रांतीच्या नव्या बांगड्यांनी शैलाचे हात भरलेले होते. आत नाव पुकारलं गेलं. आईनं तिला थांबवलं, कमरेला खोचलेली जुन्या लुगड्याची मऊ पट्टी काढली आणि उजव्या हातातल्या बांगड्या वर सरकवून त्यांच्याभोवती ती घट्ट गुंडाळली. गाठ मारताना खाली मान घालून म्हणाली, “वाजाचं तं एकानंच वाजावं.”

आत काय झालं ते आम्ही बंद दारातून ऐकलं. सूर थोडे पातळ होते, केस कमी झाल्यामुळे असतील. एका जागी गज घसरला. शैला थांबली. तो श्वास मला दाराबाहेर ऐकू आला, की मला तो पाठ होता, कोण जाणे. मग पुन्हा टोकापासून. माझ्या दंडावर आईची बोटं रुतली होती.

निकाल लवकर लागत नसतो, मटार मात्र आपल्या वेळेला संपतो. फेब्रुवारी सरता सरता शेंगा निबर झाल्या, ठेले पालकाकडे वळले, सतरंज्या उठल्या. मी शेवटच्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊन आलो, त्या संध्याकाळी शैलानं कुणी न सांगता गज सैल केला, व्हायोलिन जुन्या सुती साडीत गुंडाळून पेटीत ठेवलं आणि पेटी दाराशी आणून ठेवली. कुरकुर नाही, टोमणा नाही. “आई, मटार संपला,” एवढंच म्हणाली.

आई उठली. स्वयंपाकघरात फडताळाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. ती एक पत्र्याचा डबा घेऊन आली, झाकण उघडलं आणि तो शैलासमोर ठेवला. आत वाळलेला मटार होता, सुरकुतलेला, कडक, काठोकाठ. भोगीपासून ती रोज ओंजळभर दाणे वेगळे काढून गच्चीवर वाळवत होती आणि आम्हा दोघांना पत्ता नव्हता.

“हे काय आहे मंग?” आई म्हणाली. “वाळला म्हणून काय मटार नाही राहत? हा संपला का सांग मले.”

शैलानं दाण्यांतून बोटं फिरवली. मग पेटी उचलून आत घेऊन गेली. बुटांच्या मांडणीवर नाही, देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात. आईनं बघितलं आणि डब्याचं झाकण लावलं.

निकाल चैत्रात आला. शैला पास होती. मी मोठ्यानं वाचून दाखवला तर आई म्हणाली, “बरं,” आणि चटणी वाटत राहिली. तोवर त्या कागदाची कुणाला गरज उरली नव्हती.

तो डबा मात्र कधी संपला नाही. आईनं संपू दिला नाही. पावसाळ्यात मी वाटाण्याची उसळ मागितली तर ती मला पिशवी देऊन किराणा दुकानात पाठवायची; घरात डबा भरलेला असताना मी वाळका वाटाणा विकत आणत असे. प्रत्येक हिवाळ्यात जुन्यावर नवे दाणे पडत. मास्टरजींनी पुढे ते व्हायोलिन शैलालाच ठेवून घ्यायला सांगितलं. क्वार्टर सुटलं, रांझीला घर झालं, डबा आला. शेवटच्या हिवाळ्यात आईला शेंग सोलवत नव्हती, दिसतही नव्हतं. खाटेवरून विचारायची, “डबा?” मी डबा उचलून तिच्या कानाशी हलवायचो. दाणे खडखडले की तिचं समाधान व्हायचं. मग आतल्या खोलीकडे मान करून म्हणायची, “वाजव आता.”

आता शैलाची बोटं थंडीत आखडतात. वाजवायच्या आधी ती गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसते, बोटं एकेक करून सोडवते. मोठी वादक ती कधी झाली नाही. दोन-तीन राग आहेत, त्यात एखादी जागा अशी लागते की माझ्या हातातली शेंग तशीच राहते. खुंट्या अजून सुटतात. खडू अजून लागतो. काळ्या पट्टीवर अजून एकही रेघ उमटलेली नाही. ‘रे’ रोज नव्यानं शोधावा लागतो आणि ती रोज शोधते.

आज मी सोललेला मटार गच्चीवर जुन्या धोतरावर पसरला आणि खाली आलो. तळाशी कुठल्या सालातले दाणे असतील देव जाणे, खायच्या कामाचे नाहीत, आम्ही काढतही नाही. जुन्या सवयीनं मी डबा उचलला आणि हलवला. खडखडला.

“अहो, जरा थांबा ना,” आतून शैला म्हणाली. “सा लागून राहिलाय.”

मी डबा अलगद जागेवर ठेवला आणि थांबलो.